सर्फ गिटार ऐकायची कशी: एका आवाजाच्या अनेक शाखा

'पल्प फिक्शन' सिनेमाची श्रेयनामावली सुरू होते तेव्हा एक गिटार सुसाट सुटते. बहुतेकांची सर्फ संगीताशी पहिली भेट तिथेच होते. सिनेमा १९९४ चा, गिटार मात्र १९६२ ची. वाजवणारा डिक डेल, धून 'मिसिरलू'. ती आवडली म्हणून माणूस आणखी शोधायला निघतो आणि त्याच्यासमोर नावांची रांग उभी राहते: ट्रॅड सर्फ, हॉट रॉड, सर्फ पंक, स्पेस सर्फ, स्पॅगेटी सर्फ, हॉरर सर्फ, सायकेडेलिक सर्फ, एलेकी. जेमतेम अडीच मिनिटांच्या, शब्दही नसलेल्या धुनांचे एवढे प्रकार कशाला, असं वाटून बरेच जण तिथूनच माघारी फिरतात.

त्यांनी फिरू नये म्हणून हा लेख. ही वर्गवारी वरून दिसते तेवढी किचकट नाही. सर्फचा मूळ आवाज चार-पाच गोष्टींनी बनला आहे. त्यातली एखादी कुणी उचलली आणि हट्टाने पार टोकाला नेली, की नवी शाखा फुटते. मुळातल्या या गोष्टी कानात बसल्या की नावं पाठ करावी लागत नाहीत. धून ऐकता ऐकताच ती कुठल्या फांदीवरची ते कळू लागतं.

आधी दोन गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांमुळे 'हवाईयन गिटार' सगळ्यांना माहीत आहे. तारांवरून धातूचा दांडा सरकवत वाजवायची, गळ्यासारखी गाणारी गिटार ती. लाटांवर स्वार होण्याचा खेळ हवाईचा असला, तरी सर्फ संगीत हवाईतून आलेलं नाही. ते दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांनी १९६१ च्या आसपास घडवलं. दुसरा गैरसमज बीच बॉइज या गाणाऱ्या बँडचा. समुद्र, गाड्या आणि उन्हाळा यांवर ते सुरेल आवाजात गायचे आणि जगभर सर्फ म्हणजे तेच असं समीकरण झालं. मात्र हे गाण्याचं सर्फ वेगळं, आणि गिटारने बोलणारं वाद्यसर्फ वेगळं. दोन्ही एकाच किनाऱ्यावर वाढली, एकमेकांच्या धुनाही वाजवल्या. बीच बॉइजच्या १९६३ च्या अल्बमवर 'मिसिरलू' आहेच. आपण इथे फक्त वाद्यसर्फचा विचार करणार आहोत.

मूळ आवाजातली पहिली गोष्ट रिव्हर्ब, म्हणजे स्वरामागे रेंगाळणारा घुमारा. गिटार आणि ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या फेंडर कंपनीने १९६१ मध्ये एक स्वतंत्र रिव्हर्ब पेटी बाजारात आणली. आत पत्र्याच्या चौकटीत लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. ही युक्ती मुळात हॅमंड ऑर्गनमधली. गिटारचा विद्युत संकेत स्प्रिंगच्या एका टोकाला कंप देतो. हा कंप दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तिथून उलटतो, पुन्हा जातो. दुसऱ्या टोकाला तो परत विजेच्या रूपात पकडून मूळ आवाजात मिसळतात. त्यामुळे प्रत्येक स्वराच्या मागे ओलसर, थरथरती शेपटी लागते. तळहाताची कड जाड तारांवर टेकवून तुटक स्वर वाजवले, तर त्या स्प्रिंगांमधून टप् टप् असा आवाज निघतो. वाजवणारे त्याला 'ड्रिप' म्हणतात, आणि जाणकार मंडळी एखाद्या बँडचा ड्रिप चांगला की वाईट यावर तासन्‌तास वाद घालतात. अशी पेटी चुकून हलली किंवा तिला धक्का लागला, तर स्पीकरमधून मेघगर्जनेसारखा धडाका होतो. हा धडाका काही बँडनी मुद्दाम रेकॉर्डमध्येही वापरला.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. पिक, म्हणजे तार छेडायचा छोटा चपटा तुकडा, खाली-वर, खाली-वर इतक्या वेगाने चालवायचा की एकच स्वर सलग धारेसारखा वाहू लागतो. सतार-सरोदवर 'झाला' हा वेगवान भाग ऐकलेल्या कानाला यातली गंमत लगेच उमगेल. तिथे जशी चिकारीच्या तारांवरच्या आघातांनी लय दाट होत जाते, तशी इथे एकाच जाड तारेवर ती दाट केलेली असते. डिक डेलचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. वडिलांकडून लेबनीज, जन्म बोस्टनचा. त्याचे काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, घरात अरबी तालवाद्य वाजायचं, आणि जीन क्रूपाच्या जॅझ ड्रमिंगचं त्याला वेड होतं. गिटारवर त्याने हाच ड्रमचा मारा आणला. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताच्या वाजवणाऱ्यासाठी लावलेल्या तारांची गिटार उलटी धरूनच शिकला, म्हणजे सगळ्यात जाड तार खाली. तारा त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जाड लागत. कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआच्या राँदेव्हू बॉलरूममध्ये, म्हणजे नाचगृहात, १९६१ च्या उन्हाळ्यात त्याच्या कार्यक्रमांना गर्दी लोटू लागली. एवढ्या मोठ्या दालनात आवाज पोचवायला तो ॲम्प्लिफायर पार वरपर्यंत चढवायचा आणि ते एकामागून एक जळायचे. फेंडर कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर याने मग त्याच्यासाठी आणखी ताकदीचा शोमन ॲम्प्लिफायर आणि त्याला पंधरा इंची स्पीकर अशी जोडणी केली. पुढे रॉकच्या मोठमोठ्या मैफलींना जो दणदणीत आवाज लाभला, त्याची वाट या नाचगृहातून जाते.

तिसरी गोष्ट स्वरांची, आणि मराठी वाचकाला ती विशेष जवळची वाटेल. 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य भागातली जुनी लोकधून. तिची आज माहीत असलेली सगळ्यात जुनी ध्वनिमुद्रिका १९२७ ची आहे, आणि ग्रीक, अरब, ज्यू, आर्मेनियन अशा अनेक समाजांत ती वाजत आली आहे. एका लहान मुलाने डेलला विचारलं, एकाच तारेवर अख्खी धून वाजवता येईल का; त्यावरून आपल्याला ही घरची धून आठवली, असं डेल सांगत असे. आता तिचे स्वर पाहा: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नि. हा आपला भैरव थाट. भैरव राग इथे नाही, हे स्पष्ट करायला हवं. ते आंदोलन नाही, तो ठेहराव नाही, पहाटेचा भाव तर नाहीच. पण कोमल रे वरून शुद्ध ग वर घेतलेली ती मोठी उडी तीच आहे, म्हणूनच आपल्या कानाला ही धून पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीची वाटते. या पूर्वेकडच्या छटेचा सर्फवर कायमचा ठसा उमटला. आजही एखाद्या नव्या बँडला 'सर्फ'पणा हवा असला, की तो हमखास याच स्वरांकडे वळतो.

उरलेल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. ड्रमचा एक साचा आहे, साधारण 'डुम् टक-टक डुम् टक' असा. यावर पोरं पाय आपटत नाचायची. आणि शेवटची गोष्ट कोवळेपणाची. हे बँड बहुतेक शाळा-कॉलेजातल्या मुलांचे होते. 'वाइप आउट' वाजवणारे सर्फारीज जेमतेम किशोरवयातले. त्यातला रॉन विल्सनचा प्रसिद्ध ड्रमचा भाग शाळेच्या संचलन पथकातल्या ठेक्यावरून आलेला. मुळात ही धून दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डची मागची बाजू भरायला म्हणून केलेली, आणि १९६३ मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. सफाईपेक्षा धडक महत्त्वाची, हा संस्कार या मुलांनी या संगीतावर केला.

आता शाखांकडे वळू. पहिली फूट अगदी सुरुवातीलाच पडली आणि ती रिव्हर्बवरूनच. लॉस एंजेलिसजवळच्या साउथ बे भागात बेल-एअर्स नावाचा बँड होता. त्यांची 'मिस्टर मोटो' ही धून १९६१ ची, म्हणजे सर्फच्या अगदी पहिल्या रेकॉर्डपैकी एक. त्यात रिव्हर्ब नाही. डिक डेलच्या त्याच वर्षीच्या 'लेट्स गो ट्रिपिन' मध्येही नाही. बेल-एअर्सचे दोन गिटारवादक, पॉल जॉन्सन आणि एडी बर्ट्रंड. एक धून सांगायचा, दुसरा खालून ताल आणि स्वरसंगती धरायचा, आणि दोन्ही गिटारी एकमेकींत अशा गुंफलेल्या असायच्या की एक काढली तर दुसरी अपुरी वाटावी. मग फेंडरची पेटी आली. बर्ट्रंडला तो ओला, भव्य आवाज हवा होता. जॉन्सनला नको होता. मतभेद विकोपाला गेले, बर्ट्रंड बाहेर पडला आणि त्याने एडी अँड द शोमेन हा बँड काढला. नावातच फेंडरचा तो ॲम्प्लिफायर आहे.

नवख्याने या दोन बँडची एकेक धून पाठोपाठ ऐकावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण 'कोरडं' आणि 'ओलं' सर्फ म्हणजे काय हे त्याहून चांगलं कुठेच कळत नाही. कोरड्यात दोन गिटारींचं संभाषण ऐकू येतं, बोटांची हालचाल कळते. ओल्यात आवाजाचा पसारा भरून येतो आणि वाजवणारा आत कुठेतरी बुडून जातो. पुढच्या जवळजवळ सगळ्या बँडनी ओल्याचीच वाट धरली. मला स्वतःला कोरडा आवाज अधिक भावतो, आणि जॉन्सनची बाजू हरली याची हळहळ वाटते. दोन गिटारींच्या त्या विणीत फार शक्यता होत्या.

ओल्या सर्फचंही एकच रूप नाही. चँटेज या मुलांच्या बँडची 'पाइपलाइन' ऐका. नाव हवाईतल्या ओआहू बेटावरच्या प्रसिद्ध लाटेचं, पण धुनेला आधी वेगळंच नाव होतं, ते नंतर बदललं. सुरुवातीला जाड तारेवरून घसरत खाली येणारा तो आवाज, मग सावलीसारखी चालणारी लय आणि पुढे येऊन बोलणारा इलेक्ट्रिक पियानो. हिच्यात डेलचा हल्ला नाही, एक गूढ उदासी आहे. सर्फमध्ये 'मूडी' म्हणतात त्या सगळ्या धुनांची ही आई. लाइव्हली वन्सची 'सर्फ रायडर' याच घरातली, आणि पिरॅमिड्सची 'पेनिट्रेशन' तिची चुलत बहीण. याहून हळुवार बाजू हवी असेल तर सँडल्सनी 'द एंडलेस समर' या माहितीपटासाठी केलेलं संगीत ऐका; तिथे लाट फुटत नाही, नुसती वाहते.

हॉट रॉड ही शाखा ऐकायला फारशी वेगळी नाही. १९६३ मध्ये समुद्राची जागा सजवलेल्या, ताकद वाढवलेल्या जुन्या गाड्यांनी घेतली. धुनांना गाड्यांच्या भागांची नावं, रेकॉर्डवर इंजिनांचे आणि टायरांचे आवाज. बरंचसं काम स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांनी वेगवेगळ्या बँडच्या नावांखाली उरकलेलं. काही चांगलं आहे, पण सुरुवातीला यावर वेळ घालवू नका.

त्याऐवजी समुद्रापासून दूर गेलेलं सर्फ ऐका. ॲस्ट्रोनॉट्स हा बँड कोलोरॅडोतल्या बोल्डर गावचा, रॉकी पर्वताच्या पायथ्याचा. त्यांची 'बाहा' ही धून रिव्हर्बमध्ये इतकी चिंब भिजलेली आहे की कॅलिफोर्नियातले बँड तिच्यापुढे कोरडे वाटावेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या अटलांटिक्सनी १९६३ मध्ये 'बॉम्बोरा' काढली. बुडालेल्या खडकावर फुटणारी लाट, तिचं हे तिथलं नाव. बँडमध्ये ग्रीक आणि युगोस्लाव्ह मुळांची स्थलांतरित घरांतली मुलं होती, आणि ते वाजवताना जणू कुणी मागे लागलंय अशा घाईने वाजवत. माझ्या मते पहिल्या लाटेतली सगळ्यात थरारक रेकॉर्ड हीच.

जाता जाता सर्फच्या सख्ख्या शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायला हवी, कारण नवखा माणूस त्यांनाही सर्फच समजतो. लिंक रे याची १९५८ ची 'रंबल', ड्वेन एडीची त्याच वर्षीची 'रेबेल राउझर', व्हेंचर्सची १९६० ची 'वॉक, डोन्ट रन', इंग्लंडातल्या शॅडोजची 'अपाची'. ही सगळी सर्फच्या आधीची वाद्यगिटार. ड्वेन एडीच्या जाड, दणकट स्वराला 'ट्वँग' म्हणतात. शॅडोजची गिटार स्वच्छ, सुरेल, इस्त्री केलेली. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे व्हेंचर्स स्वतःला सर्फ बँड मानत नव्हते, पण लाट आल्यावर त्यांनी 'वॉक, डोन्ट रन' हीच धून १९६४ मध्ये सर्फच्या थाटात पुन्हा वाजवली. या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर सर्फमुळे एखाद्या धुनेत नेमकं काय बदलतं याचा पाठच मिळतो. आणखी एक घोटाळा टाळा: 'बस्टिन सर्फबोर्ड्स' वाजवणारे टॉर्नेडोज कॅलिफोर्नियाचे, आणि उपग्रहाच्या नावाची 'टेलस्टार' १९६२ मध्ये वाजवणारे टॉर्नेडोज इंग्लंडचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर झळकले आणि गाणाऱ्या बँडचे दिवस आले. शब्द नसलेलं संगीत मुलांना एकाएकी जुनं वाटू लागलं. अनेक सर्फ बँड गाऊ लागले, उरलेले मोडले. राँदेव्हू बॉलरूम १९६६ मध्ये आगीत भस्मसात झालं.

पुढे वर्षानुवर्षं हे संगीत जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी जिवंत ठेवलं. त्यांच्यातल्याच जॉन ब्लेअरने सर्फ रेकॉर्डची सविस्तर सूची पुस्तकरूपाने काढली आणि १९७९ मध्ये जॉन अँड द नाइटरायडर्स हा बँड उभा केला. ही दुसरी लाट. तिचे बँड जुना आवाज निष्ठेने वाजवत, पण हातात नवी ताकद होती, म्हणून त्यांचं सर्फ पहिल्यापेक्षा जड आणि वेगवान. आज 'ट्रॅड' म्हणून ओळखली जाणारी शाखा ही: जुन्या फेंडर गिटारी, खरी स्प्रिंगची पेटी, जुन्याच चालीच्या नव्या धुना.

त्याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या पंक मुलांनी मूळ आवाजातली ती शेवटची गोष्ट, कोवळी धडक, उचलली. एजंट ऑरेंज या बँडने 'मिसिरलू', 'पाइपलाइन' आणि 'मिस्टर मोटो' या तिन्ही धुना पंकच्या वेगाने आणि खरखरीने वाजवल्या. हे सर्फ पंक. दिसतं तितकं हे नातं अवघड नाही. दोन्ही संगीतं त्याच भागातल्या, जेमतेम तीन सूर येणाऱ्या, गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या मुलांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेड केनेडीज या पंक बँडमध्येही ईस्ट बे रेची गिटार नीट ऐकली तर सर्फचा पाझर लागतो.

तिसरी लाट १९९० च्या दशकातली, आणि बहुतेक उपप्रकारांची नावं या लाटेतली आहेत. 'पल्प फिक्शन'मुळे ती आली असं सर्रास म्हटलं जातं. सिनेमामुळे तिला श्रोते मिळाले हे खरं, पण बँड आधीच होते. डेलने स्वतः १९९३ मध्ये नवा अल्बम काढून पुनरागमन केलं होतं.

अलाबामातल्या ऑबर्नचा मॅन ऑर ॲस्ट्रो-मॅन? (प्रश्नचिन्ह नावातच आहे) हा बँड आपण परग्रहावरून आलो असल्याचं सांगायचा. धुनांच्या मध्ये जुन्या विज्ञानसिनेमांतले संवाद, मंचावर ठिणग्या उडवणारी टेस्ला कॉइल, आणि या सगळ्याखाली झपाटल्यासारखी वेगवान सर्फ गिटार. स्पेस सर्फ म्हणतात ते हे. त्याची मुळं 'टेलस्टार'मध्ये आणि अंतराळस्पर्धेच्या काळात आहेत. सर्फ आणि रॉकेट दोन्ही एकाच वर्षांतली स्वप्नं होती. नॅशव्हिलचे लॉस स्ट्रेटजॅकेट्स मेक्सिकन कुस्तीपटूंचे मुखवटे चढवून वाजवतात, पण वेशावर जाऊ नका, गिटारवादक म्हणून ते अत्यंत सफाईदार आहेत आणि नवख्याला यांच्याइतका सोपा दरवाजा दुसरा नाही. मुखवट्यांची ही रीत खुद्द मेक्सिकोतही रुजली. लॉस्ट अकापुल्को आणि त्यांच्या पिढीच्या बँडनी तिथे सर्फचा मोठा श्रोतावर्ग घडवला. अलाबामाचेच डायकायजू जपानी काबुकी नाटकाच्या धर्तीचे मुखवटे घालून वाजवतात. हे वेश केवळ चाळे वाटू शकतात, पण त्यांना कारण आहे. गायक नसलेल्या बँडकडे मंचावर बघायचं कुणाकडे? तो प्रश्न मुखवटे सोडवतात.

हॉरर सर्फमध्ये काळ्या-पांढऱ्या भयपटांचं वातावरण, थरथरता ऑर्गन आणि किंचाळ्या. द घास्टली वन्स आणि रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचे मेसर चप्स या वाटेचे. मुळात सर्फची गंभीर चाल आणि भयपटांची चाल जवळजवळ एकच असते, त्यामुळे हे लग्न सहज जमलं. स्पॅगेटी सर्फ म्हणजे एन्नियो मोरिकोनेने इटालियन काउबॉय सिनेमांना दिलेल्या संगीताची आणि सर्फची सांगड. मंद घोडदौड, ट्वँग, शीळ, लांबलेला एकेक स्वर. या शाखेतल्या धुना समुद्राच्या नसतात, वाळवंटाच्या असतात. क्रोएशियातले बाम्बी मॉलेस्टर्स या दोन टोकांच्या मध्ये फार सुंदर तोल साधतात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मर्मेनने रिव्हर्बची शेपटी इतकी लांबवली की तिच्यातच धून वितळून गेली. त्यांच्या रचना लांबलचक, कधी शांत तर कधी खवळलेल्या. सायकेडेलिक सर्फ म्हटलं की पहिलं नाव यांचं. परंपरावादी मंडळी याला सर्फ मानायला नाखूश असतात. मला वाटतं, समुद्र प्रत्यक्षात कसा असतो याच्या सगळ्यात जवळ हेच संगीत गेलं आहे. बाकीचे समुद्रकिनाऱ्यावर नाचतात, हे आत शिरतात.

याच्या अगदी उलट टोकाला फिनलंडचे लायका अँड द कॉस्मोनॉट्स. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकापासून वाद्यगिटारची स्वतःची परंपरा आहे, तिला राउतालांका म्हणतात. शॅडोजच्या वळणाची, तिथल्या उदास लोकधुनांवर पोसलेली. लायकाच्या धुना म्हणूनच नेटक्या, ऑर्गनने नटलेल्या आणि सुरेल असतात. वेगापेक्षा चाल ज्याला प्रिय, त्याने इकडून सुरुवात करावी.

जपानची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. १९६५ मध्ये व्हेंचर्स तिथे गेले आणि इलेक्ट्रिक गिटारची लाट उसळली. 'एलेकी' हे तिचं नाव. मुलं बिघडतील म्हणून शाळा या गिटारला विरोध करू लागल्या, तरी ती थांबली नाही. ताकेशी तेराउची हा तिथला सगळ्यात मोठा वादक. त्याने जपानी लोकगीतं आणि बेथोव्हनची पाचवी सिंफनीसुद्धा याच पिकच्या माऱ्याने वाजवली. डेलने भूमध्य भागातली धून आणली, तेराउचीने स्वतःच्या घरची. सर्फला कोणत्याही देशाची चाल चालते, हे यातून दिसतं. पेरूमध्ये लॉस देस्तेयोस, लॉस मिर्लोस, हुआनेको यांसारख्या बँडनी कुंबिया या लॅटिन अमेरिकी नाचाच्या ठेक्यावर अशीच ओली, थरथरती गिटार चढवली. त्याला चिचा म्हणतात. ते सर्फ नाही, पण सर्फ आवडणाऱ्याला ते नक्की आवडतं.

आपल्याकडे मुंबईत या आवाजाचा एक ठळक शिडकावा झाला. १९६५ च्या 'गुमनाम'मधलं 'जान पहचान हो' आठवा. शंकर-जयकिशनचं संगीत, रफींचा आवाज, पडद्यावर मुखवटे लावून वाजवणारे टेड लायन्स अँड हिज कब्ज आणि बेभान नाचणारी लक्ष्मी छाया. त्या गाण्यातली गिटार सर्फ आणि ट्वँगच्या सीमारेषेवर आहे. गाणं असल्यामुळे ते वाद्यसर्फ ठरत नाही. तरी अमेरिकेतल्या 'घोस्ट वर्ल्ड' या २००१ च्या सिनेमाने सुरुवातीलाच ते वापरलं, तेव्हा तिकडच्या सर्फप्रेमींना ते घरचंच वाटलं, यात नवल नाही.

प्रत्यक्ष ऐकायला बसलात तर माझा क्रम असा राहील. आधी 'मिस्टर मोटो', कोरडा सांगाडा कळायला. मग 'मिसिरलू' आणि 'पाइपलाइन', मारा आणि मूड यांतला फरक कळायला. मग 'बाहा', ड्रिपसाठी, आणि 'बॉम्बोरा', वेगासाठी. एवढ्यात कान तयार होतो. यापुढे ज्याला जे भावलं त्याने तिकडे जावं: मारा भावला तर एजंट ऑरेंज आणि मॅन ऑर ॲस्ट्रो-मॅन?, मूड भावला तर बाम्बी मॉलेस्टर्स, चाल भावली तर लायका आणि लॉस स्ट्रेटजॅकेट्स, स्वर भावले तर तेराउची. मर्मेन मात्र मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. चांगला हेडफोन लावा, आणि हाताशी निदान तासभर मोकळा असू द्या.